बाभळीचं तांबडं पाणी

मी मुळातच भित्री. माहेरी सगळे त्यावरून चिडवायचे आणि मी चिडायची. पण बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या त्या वर्षी पाथर्डीकडच्या आमच्या वस्तीवर न भ्यालेलं माणूस शोधूनही सापडलं नसतं. माझी लेक तेव्हा अंगावर पीत होती. ज्वारी आली तर आम्ही घरी राहणार होतो. नाही आली तर दिवाळीनंतर मुकादमाच्या ट्रकमधून ऊसतोडीला. तिथं नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात, त्यामुळे मला मागं राहता येणार नव्हतं. म्हणजे लेकही आमच्याबरोबर, ऐन थंडीत, उसाच्या पाचटानं शाकारलेल्या कोपीत. शेजारच्या वस्तीवरची एक बाई अशीच तान्हं बाळ घेऊन गेली होती आणि रिकामी झोळी घेऊन परतली होती. ती बांधावरून जाताना दिसली की मी लेकीला पदराखाली घ्यायची.

त्या वर्षीही पेरणीपुरता शिडकावा सोडला तर पाऊस नव्हता, आणि बियाणं थोडंच उरलं होतं. बाकीचं रान दगडासारखं झालेलं, म्हणून मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ते दोन बाभळींच्या खालच्या उताराला पेरलं. तिथली माती जरा मऊ होती. सासूबाईंना हे मुळीच पटलं नव्हतं. झाडाच्या सावलीनं पीक खुरटतं, त्याला आमच्याकडं वसवा म्हणतात, आणि जाणूनबुजून वसव्यात पेरणारा माणूस त्यांच्या लेखी खुळा. तसं त्यांनी मामंजींना तोंडावर सांगितलंही. मामंजींनी आयुष्यात बायकोचं कधी ऐकलं नव्हतं, तेव्हाही ऐकलं नाही.

ज्वारीचे कोंब वितीएवढे झाले आणि हस्ताचा पाऊस आला. भर दुपारी आभाळ फाटल्यासारखा कोसळला. आमचे हे तलावाच्या कामावर गेले होते. आम्ही तिघं आणि माझी लेक रानातल्या खोपीत दाटीवाटीनं उभे होतो. आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण सासूबाईंचं लक्ष बाभळीकडं गेलं आणि त्यांनी माझा दंडच धरला.

"अवो, झाड रगत ओकतंय!"

खरंच तसं दिसत होतं. फांद्याफांद्यांवरून पाणी बुंध्याकडं धावत होतं, काळपट तांबडं, आणि बुंध्याशी त्याचा फेस साचत होता. पानापानांतून ठिबकणारं पाणीही गढूळ. ते सगळं उतारानं थेट कोंबांत शिरत होतं. इतक्या दिवसांनी पाऊस बघत होतो आम्ही, कोणत्या झाडाखालून कसलं पाणी येतं हे कुणाच्या ध्यानात राहिलं होतं! मला तर ते विषच वाटलं. कोंब जळणार, ट्रक येणार, आणि त्या बाईसारखी मीही रिकामी झोळी घेऊन परत येणार, एवढंच डोळ्यांपुढं दिसत होतं.

"समदं जळंल ह्यानं," मामंजी म्हणाले. "सूनबाई, फावडं घ्या. पानी वढ्याला काढून देऊ."

लेकीला सासूबाईंकडं देऊन मी भर पावसात धावले. मामंजी कुदळीनं खणत होते, मी फावड्यानं माती ओढत होते. पहिल्या बाभळीच्या आणि ज्वारीच्या मधे आम्ही आडवा चर काढला. तांबडं पाणी वळलं आणि ओढ्याला लागलं. मग दुसऱ्या बाभळीकडं पळालो. मामंजींनी पहिलाच घाव घातला आणि कुदळीचा दांडा मोडला.

त्यांनी दांड्याला, कुदळीला, सुताराला अशा शिव्या घातल्या की सासूबाईंनी लेकीचे कान झाकले. मी नुसत्या फावड्यानं खरवडत राहिले, पण जमीन दाद देईना. डोळ्यांदेखत ते पाणी कोंबांत पसरलं. मी चिखलातच बसून रडले.

"निम्मं तरी वाचलं," सासूबाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही झाडांना दहीभात ठेवला. मी पुढं कितीतरी दिवस त्या दुसऱ्या पट्ट्याकडं बघितलंच नाही. बघायची छातीच होत नव्हती.

दिवाळीच्या तोंडावर आमचे हे घरी आले आणि सगळे मिळून रानात गेलो. पहिल्या बाभळीखालची, आम्ही वाचवलेली ज्वारी पिवळी पडून गुडघ्याशीच अडली होती. दुसरीखालची मात्र काळीभोर, कमरेच्या वर गेलेली. दोन्हीकडं पाऊस तोच, सावली तीच. दुष्काळभर पानांवर बसलेला फुफाटा, पाखरांची विष्ठा, खुद्द पानांचा आणि सालीचा कस, सगळं धुऊन त्या पाण्यात उतरलं होतं. झाड पिकाला खत घालत होतं आणि आम्ही ते ओढ्यात सोडलं होतं.

मामंजींनी काळ्या ज्वारीत शिरून ताटं हातांनी चाचपून पाहिली. दुसऱ्या पट्ट्याची ज्वारी आणि तलावाची मजुरी, एवढ्यावर वर्ष निघण्यासारखं होतं. "मुकादमाला सांग," ते मुलाला म्हणाले, "औंदा आमचा कोयता न्हाई."

"वसवा म्हनं वसवा!" त्यांनी सासूबाईंना चिडवलं.

"आन् चर कुनी खनला?" सासूबाईही हसल्या. सगळे हसत होते. मी मात्र कडेवरच्या लेकीला इतकी घट्ट आवळली की ती रडायला लागली. तो दांडा धड असता तर दुसरा चरही आम्ही खणलाच असता, आणि माती ओढायला सगळ्यांच्या पुढं मीच असते.