झारचा कारकून आणि आमची कुलवृत्तांत समिती

१९८४, दिवाळीनंतर : समितीच्या चिटणिसांनी आमच्या शाखेची माहिती मागवली. १९८५, उन्हाळ्याअखेर : ती मी पुराव्यांसह रजिस्टर्ड टपालाने पाठवली. १९८६, ऐन थंडी : समितीला शंका आली. १९८७, गणेशोत्सव : ग्रंथ छापून आला, आणि त्यात माझी सून नाही. जबाबदार व्यक्ती : चिटणीस, संपादक, आणि हे दोघे पुढे करतील त्या कागदावर सही करणारे अध्यक्ष. अध्यक्ष माझे सख्खे चुलतभाऊ लागतात. या बाबीने अपराध सौम्य होत नाही, वाढतो.

साताऱ्यात आयुष्यभर वकिली करून मी मिशिगनमध्ये, नोव्हायला, मुलाकडे राहायला आलो. मुलगा मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर. सुनेचे आईवडील दोन तासांवर, बीटच्या शेतांच्या मुलखात राहत. त्यांचे पूर्वज जर्मन शेतकरी. झारने जमीन देऊ केली म्हणून ते रशियात गेले, पिढ्यानपिढ्या तिथे जर्मनच बोलत राहिले, आणि पुढे साखरेचे बीट उपटायला अमेरिकेत आले.

समितीचा तक्ता प्रत्येक सुनेचे माहेर विचारतो. म्हणून मी विहीणबाईंना विचारले. त्या निवृत्त शिक्षिका. माझ्या वकिलीवरून मला ‘काउन्सेलर’ म्हणत.

“किती मागे जायचंय, काउन्सेलर?”

“जाता येईल तितकं.”

“मग डबा बांधून या.”

मूळ कागद सोव्हिएत दप्तरखान्यात, आणि त्याने आम्हांला दाराशीही उभे केले नसते. परंतु विहीणबाईंच्या समाजाच्या अमेरिकेतल्या एका संस्थेने जुन्या रशियन जनगणनेच्या याद्या छापल्या होत्या, आणि त्या विहीणबाईंच्या गावच्या ग्रंथालयात होत्या. विहीणबाई बोट ठेवून वाचत, मी उतरवून घेई. प्रत्येक घराची नोंद अशी : कर्ता पुरुष आणि त्याचे वय, बायको, तिच्या बापाचे नाव, ती कोणत्या गावची, मग मुले, मग घोडे, गाई, डुकरे. उन्हाळा संपेतो सुनेच्या खापरपणजीच्या आईचे माहेर मला ठाऊक झाले. माझ्या स्वतःच्या पणजीचे माहेर मला आजही ठाऊक नाही.

समितीने लिहिले : ‘मुलगी अमेरिकन, आडनाव जर्मन, कागद रशियन. मूळ नक्की कोणते? गोत्रही कळवावे.’

मी उलट टपाली लिहिले की आपला मूळ पुरुष कोकणात कोठून आला, हे आपल्याच ग्रंथाच्या पहिल्या पानावर ‘अज्ञात’ आहे. तो घाटावरून उतरला की समुद्रातून वाहत आला, याचा चिटोराही समितीपाशी नाही. त्या गृहस्थाला बिनकागदाचा पाट-चौरंग, आणि माझ्या सुनेकडे गुराढोरांसकट शिरगणती असताना तिला उंबऱ्याबाहेर उभे करता? या पत्राला उत्तर आले नाही. ग्रंथ आला.

त्या रविवारी व्याही आणि विहीणबाई जेवायला आले होते. विहीणबाईंनी हात पुसले आणि चष्मा लावला. “दाखवा, माझी मुलगी कुठंय?”

मुलाने ते पान आधीच पाहिले होते. त्याने मान खाली घातली. सून माझ्या कानाशी मराठीत पुटपुटली, “बाबा, आईला थोडंच वाचता येतंय? कुठेही बोट ठेवा ना.”

तेवढी एक सोय होती; ती मी घेतली नाही. मी मुलाच्या नावावर बोट ठेवले आणि पुढचा एकमेव शब्द वाचून त्याचा अर्थ सांगितला : ‘विवाहित’.

“कोणाशी?”

“लिहिलेलं नाही.”

त्यांनी चष्मा काढला. “झारच्या कारकुनाला आमच्याशी काय देणंघेणं होतं, काउन्सेलर? पण त्यानंसुद्धा आम्हांला डुकरांच्या आधी लिहिलं.”

व्याही सहसा बोलत नसत. त्यांनी श्रीखंडाची वाटी पुढे सरकवली. “तुमच्या समितीत डुकरं किती?”

“तीन,” मी म्हणालो. हा उद्गार मी येथे मागे घेत नाही.

चिटणीस आता कळवतात की पुढील आवृत्तीत ‘विचार करू’. माझी सत्तरी उलटली आहे. पुढील आवृत्तीपर्यंत थांबण्याचा करार यमाने माझ्याशी केलेला नाही. खासगी पत्र मला नको, दिलगिरी नको. येत्या कुलसंमेलनात अध्यक्षांनी सर्वांसमक्ष, ध्वनिक्षेपकापुढे उभे राहून एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे : माझ्या मुलाचे लग्न कोणाशी झाले? विहीणबाई पहिल्या रांगेत माझ्या शेजारी बसतील. भाषांतर मी करीन.