खळं लपवायची ओळ

"हा तुझा कीबोर्ड. बाकीच्यांना हात लावू नको."

पहिल्या दिवशी सर एवढंच बोलले. कीबोर्ड जुना. त्यावर पारदर्शक प्लास्टिक घट्ट गुंडाळलेलं. मला वाटलं, धुळीसाठी असेल. मग बाकीच्या टेबलांकडे नजर गेली. प्लास्टिक फक्त माझ्याच कीबोर्डला होतं. सर हसून म्हणाले, "राग मानू नको गं. मासळीचा वास एकदा बसला की जात नाही."

मी मान हलवली. हो म्हटल्यासारखी. आणि खुर्चीत बसले.

श्रीवर्धनच्या बाजारात पहिल्या मजल्यावर ते ऑफिस. दिवेआगरपासून हरिहरेश्वरपर्यंत जेवढे होमस्टे, त्यांच्या वेबसाइट तिथे बनायच्या. मी जवळच्याच कोळीवाड्यातली. आई ताजी मासळी विकते आणि उरलेली खळ्यावर सुकवते. खळं म्हणजे किनाऱ्याला लागून सारवलेली मोकळी जागा. सकाळी मी तिच्याबरोबर जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, पसरायची आणि मग ऑफिसला निघायची. निघण्याआधी साबण. साबणानंतर लिंबू. बोटांना चिरा पडलेल्या, लिंबू असं झोंबायचं की डोळ्यांत पाणी यायचं. आई बघायची.

ऑफिसातलं चांगलं मशीन सायलीकडे. सायली सुपारीच्या वाडीवाल्यांची, सरांच्या ओळखीतली. ती डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये वेबसाइटचं पान बनवायची. फोटो माउसने उचलायचा, हवा तिथे सोडायचा, कडा ओढून मोठा करायचा. बघत राहावंसं वाटायचं. माझ्या मशीनवर ते सॉफ्टवेअर उघडतानाच सगळं गोठायचं. मी एकदा सायलीच्या मशीनवर शिकू का म्हणून विचारलं. सरांनी प्लास्टिककडे बोट दाखवलं आणि म्हणाले की, तू पानाचा कोड हातानेच लिहायला शीक. सगळे हसले. सायलीही थोडी हसली.

मग शिकले हाताने. साधं नोटपॅड उघडायचं, ओळ लिहायची, पान पुन्हा उघडून बघायचं. मथळ्याचा रंग अमुक. अक्षर एवढं मोठं. चौकटीला कड एवढी. एक अर्धविराम राहिला की पुढचं सगळं बिघडायचं, आणि चूक कुठे आहे ते सांगायला कोणी नाही. मार्जिन म्हणजे चौकटीबाहेरची मोकळी जागा आणि पॅडिंग म्हणजे आतली, यांत माझा फार घोळ व्हायचा. एका सकाळी जवळा पसरताना ते सुटलं. आमचं खळं आणि शेजारणीचं खळं यांच्यामध्ये चालायला वाट सोडतात, ते मार्जिन. आपल्याच खळ्यात कडेपासून जरा आत जवळा पसरतात, कुणाचा पाय पडू नये म्हणून, ते पॅडिंग. हे कुणाला तरी सांगावं असं फार वाटलं. ऑफिसात सांगण्यासारखं कोणी नव्हतं. आईला त्यातलं काय सांगणार.

डबा मी मागच्या जिन्याच्या पायरीवर खायची. कोणी तसं सांगितलं नव्हतं. पण आत डबा उघडला की खिडक्या उघडायच्या. न सांगता कळतं माणसाला.

मग एक काम आलं. होमस्टेवाल्यांनी मिळून सगळ्या गावाचं एक पान करायचं ठरवलं. सायली एका रिसॉर्टच्या कामात अडकली होती, म्हणून ते माझ्याकडे आलं. सर म्हणाले की हे नीट झालं तर तुला कायम करतो, नवीन मशीनही देतो. मी जीव ओतला. समुद्र, देऊळ, सुपारीच्या वाड्या, जेवण. आणि शेवटी खळं. फोनवर काढलेला फोटो: आई वाकून जवळा पसरतेय, मागे समुद्र. चौकटीभोवती मी मोकळी वाट सोडली. त्या चौकटीला नावही तेच दिलं, खळं. त्या दिवशी घरी जाताना मी एकटीच हसत होते.

होमस्टेवाले पान बघायला आले. समुद्र आवडला. वाड्या आवडल्या. खळ्यापाशी सगळे थांबले. एक जण म्हणाला की फोटोतूनही वास येतोय. पाहुणे हे बघून कशाला येतील, असं दुसऱ्याने विचारलं. मासळीच्या थाळीचा फोटो मात्र राहू द्या म्हणाले, बुकिंग त्याच्यावरच येतं. थाळी हवी. थाळीतली मासळी देणारी नको.

ते गेल्यावर सरांनी मला बोलावलं. "खोडून नको टाकू. नुसतं लपव. परदेशी पाहुण्यांना असलं आवडतं, कधी आले तर परत दाखवू. एक ओळ तर आहे."

खरंच एकच ओळ. डिस्प्ले, दोन टिंबं, नन, म्हणजे दाखवू नको. पण हाताने लिहिताना आधी नाव घ्यावं लागतं. काय लपवायचं आहे त्याचं नाव. मी 'खळं' लिहिलं. महिरपी कंस उघडला. पुढे हात चालेना. आत आई वाकलेली होती. बाहेर लोकांनी तिला काय काय म्हटलंय ते मी ऐकलं होतं, पण ते लोकांनी म्हटलं होतं. हे मला लिहायचं होतं. मी कीबोर्डवरचं ते प्लास्टिक टराटरा फाडलं आणि उठले.

"सर, ही ओळ मी लिहिणार नाही."

"वेडी झालीस का? तुझ्या आईला काय कळणार आहे?"

"मला कळतंय."

उद्यापासून येऊ नको म्हणाले. बरं म्हणून मी जिना उतरले.

सायलीने ते पान तिच्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा उभं केलं. नंतर ती बाजारात भेटली. "मी फक्त तो डोळा बंद केला गं," म्हणाली. तिच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक चित्रापुढे एक बारीक डोळा असतो. त्यावर टिचकी मारली की चित्र दिसेनासं होतं. ती खोटं बोलत नव्हती. तिला कुणाचं नाव घ्यावं लागलं नव्हतं. तिच्यावर रागावताही येईना, आणि मला फार एकटं वाटलं.

घरी सगळं सांगितलं. वाटलं, आई जवळ घेईल. ती टोपली आवरत होती, आवरतच राहिली. मग म्हणाली, "येक वल तर व्हती. लिवायची ना गो. आपल्याला कोन बगतंय तितं?" वाड्यातल्या बायकाही तेच म्हणाल्या. एका फोटोपायी पोरीने काम घालवलं. माझ्या बाजूने कोणी म्हणजे कोणीच नव्हतं. आजही नाही.

ते पान आता सगळे बघतात. किनारा स्वच्छ, वाळू मोकळी, माणूस एकही नाही.

मी लिंबू सोडलं. फोनवर नोटपॅड उघडून कोळीवाड्याचं पान लिहितेय, ओळीमागून ओळ, आणि प्रत्येक खळ्याला ते ज्या बाईचं आहे तिचं नाव देतेय. ते पान बघायला कोणी येत नाही. न येवो. कोणाला आम्हाला लपवायचंच असेल तर त्याने आमचं नाव घेऊन, स्वतःच्या हाताने लपवावं. माझ्या बोटांना वास आहे. या बोटांनी ती ओळ लिहिली जाणार नाही.