गॅलरीतली हाक

नवरा गेल्यावर कालिंदी तेंडोलकर यांनी लालबागच्या चाळीतली खोली भाड्याने दिली आणि त्या वडाळ्याला लेकीकडे राहायला गेल्या. भाडेकरू कल्पेश सालस होता. परळला कुरिअरच्या ऑफिसात कामाला. घरात तो आणि त्याची आई सोनूबाई, एवढीच माणसं. वर्षभर कसली कुरबुर नव्हती.

मग जानेवारीत चाळीतल्या शेजारच्या विनीतचा फोन आला. "काकी, तुमच्या भाडेकरूचं काहीतरी करा. त्याची आई रोज दुपारी गॅलरीत ओरडते, आमची दारं वाजवते. आमच्या मनवाची दहावी आहे. पोरीने अभ्यास करायचा कसा?"

आठवड्यात असे तीन फोन आले. चाळीतल्या माणसांशी चाळीस वर्षांचा घरोबा. कालिंदीबाईंना वाईटपणा नको होता. त्यांनी कल्पेशला फोन लावला आणि त्याला बोलूच दिलं नाही. "आईला आवर, नाहीतर महिन्याभरात खोली सोड. करारात तसं आहे."

तो एवढंच म्हणाला, "बरं, काकी."

त्या 'बरं'नंतर त्यांना चैन पडेना. चौथ्या दिवशी दुपारी त्या स्वतःच लालबागला गेल्या. जिना चढतानाच हाक ऐकू आली, "ताजा हलवा घे गो बाय! पापलेट घे!"

गॅलरीत सोनूबाई फतकल मारून बसल्या होत्या. समोर रिकामी परात, कपाळाला पट्टी. उभा जन्म त्यांनी दादरच्या बाजारात मासळी विकली होती. आता पोटच्या पोराचं नाव आठवत नव्हतं, धंदा तेवढा आठवत होता. गिऱ्हाईक येईना, म्हणून दारं वाजवायच्या.

"बस गो. काय देऊ?"

दुखऱ्या गुडघ्यांनी कालिंदीबाई खाली टेकल्या. "दोन पापलेटं. ताजी आहेत ना?"

"अगो, आत्ता होडी लागली!" सोनूबाईंनी परातीतून नसलेले मासे निवडले, उलटेपालटे करून दाखवले आणि त्यांच्या पदरात घातले. मग किती वेळ तरी हसत राहिल्या.

संध्याकाळी कालिंदीबाईंनी विनीतला बोलावून सगळं सांगितलं. तो ओशाळला. "आम्हाला वाटलं, मुद्दाम त्रास देतात. कोणी विचारलंच नाही." परीक्षा होईपर्यंत कालिंदीबाईंनी रोज दुपारी यायचं, दार ओढून सोनूबाईंसोबत आत बसायचं, असं ठरलं. हा तोडगा कधी एकदा कल्पेशला सांगते, असं त्यांना झालं.

कल्पेश सातला आला. सगळं ऐकून घेऊन तो खाटेवर बसला.

"काकी, तुमचा फोन आला, त्याच दिवशी मी बदलापूरच्या वृद्धाश्रमात तिचं नाव घातलं. सोमवारी गाडी येतेय."

"रद्द कर रे. मी येते ना रोज."

"फोनच्या दुसऱ्या दिवशी मी तिला आत कोंडून, बाहेरून कुलूप लावून कामावर गेलो होतो. आलो तर दारावर डोकं आपटून कपाळ फुटलेलं. आता माझी हिंमत नाही, काकी."

कालिंदीबाई सोमवारपर्यंत विनवत राहिल्या. तो बधला नाही. गाडीत बसताना सोनूबाईंनी कोणाकडेच वळून पाहिलं नाही.

आश्रमात कालिंदीबाई दोनदा जाऊन आल्या. तिथे सोनूबाई भिंतीकडे तोंड करून पडलेल्या असायच्या. "पापलेट आहे का हो?" असं कानाशी जाऊन विचारलं, तरी पापणी हलली नाही. पाडव्याच्या आधीच सोनूबाई गेल्या.

तेराव्यानंतर कल्पेश वडाळ्याला किल्ली द्यायला आला.

"राहा तू तिथेच," कालिंदीबाई म्हणाल्या. "मी चुकले रे. आधी तुला विचारायला हवं होतं."

"तुमचा राग नाही, काकी. पण रविवारी दुपारी घरी असलो की तिथे बसवत नाही."

टेबलावर किल्ली ठेवून तो निघून गेला. खोली अजून बंदच आहे. विनीत अधूनमधून चांगला भाडेकरू सुचवतो. कालिंदीबाई म्हणतात, "बघू."