साहेबांच्या खोलीतला चहा

आजवर मी हे कुणाला सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. आमच्या कापसाच्या जिनातल्या फिटरमामांना रोज साहेबांच्या खोलीत बोलावून चहा पाजावा, ही कल्पना माझी होती. आणि ती अचूक लागू पडली, कारण चहाला नाही म्हणणं जन्मात एकदाही जमलं नाही असा माणूस अख्ख्या वऱ्हाडात तो एकच होता. मामांना चहा फार आवडायचा असंही नाही. समोरच्यानं कप पुढे केला आणि आपण तो परत सारला तर त्या घराचा अपमान होतो, एवढंच त्यांना ठाऊक. एकदा मामींचं पोट दुखू लागलं म्हणून सकाळीच औषध आणायला निघाले. वैद्याचं घर चार गल्ल्या पलीकडे. वाटेत ज्यानं ज्यानं ‘या न मामा’ म्हटलं त्याच्या त्याच्या ओट्यावर ते टेकले. दुपारी औषध घेऊन घरी पोचले तेव्हा मामी बऱ्या होऊन भाकरी थापत होत्या आणि पोट मामांचं दुखत होतं. औषध शेवटी त्यांनीच घेतलं, आणि वैद्याचा गुण चांगला म्हणून गावभर सांगितलं.

ते आमचे शेजारी, त्यामुळे त्यांच्या सगळ्या तऱ्हा मला भिंतीपलीकडून ऐकू यायच्या. जग कानानं ओळखावं, डोळे फसवतात, असं त्यांचं मत. इंजिनाला कान लावणं हे त्यांचं कामच होतं, पण ते भोपळ्याला कान लावत, भिंतीला लावत, आणि माझे वडील खोकू लागले की त्यांच्या छातीलाही लावत. ‘वॉशर गेलं, बाकी मशीन पक्की हाये,’ असं सांगून त्यांनी वडिलांना दोन पावसाळे धीर दिला. एका लग्नाच्या वरातीत बँड थांबवून त्यांनी सनईवाल्याला बाजूला घेतलं आणि त्याच्या वाद्याची पत्ती ढिली असल्याचं सांगितलं. ती ढिली होती. सदऱ्याच्या खिशात तेलाची लहान चोचवाली डबी कायम असे. रस्त्यानं जाताना कुणाचं दार करकरलं की न विचारता बिजागरीत तेल सोडायचं. एकदा पोलीस चौकीच्या दाराला त्यांनी असंच तेल दिलं. तिथला हवालदार दुपारची झोप दाराच्या करकरीच्या भरवशावर घेत असे. दुसऱ्या दिवशी फौजदार आवाज न होता आत आला. हवालदार तावातावानं मामांकडे आला, ‘तुले कोणं सांगतलं होतं बे?’ मामा शांतपणे म्हणाले, ‘दारानं सांगतलं.’ आणि त्याला चहा पाजला.

हे सगळं आमचं वऱ्हाड मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलं त्याच्या आदल्या हंगामातलं. आमच्या कारंजा गावात तेव्हा दसऱ्यानंतर कापसाच्या गाड्यांची रांग लागायची, आणि जिनाचा भोंगा झाला की गाव त्यावर घड्याळ लावायचं. मी तिथे हजेरीचा कारकून होतो. हंगामापुरता. हंगाम संपला की घरी. साहेब म्हणजे आमचे मॅनेजर. त्यांनी मला ‘पुढं कायम करू’ असं तीन वर्षं सांगितलं होतं, आणि मी तीन वर्षं त्या शब्दावर जगत होतो. रेच्यांवर, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या मशिनींवर, कापूस टाकायला बाया असत. त्यांची तान्ही मुलं तिथेच कोपऱ्यात, उडणाऱ्या तुसात झोळीत टांगलेली. भोंग्यापासून भोंग्यापर्यंत काम, मध्ये भाकरीपुरती सुट्टी. या बायांची पुढारी गयाबाई. तिची जीभ अशी की मुकादम तिच्या रेच्याजवळून जाताना पागोटं सावरायचा.

मामांना राजकारणातलं काही कळत नव्हतं. अकोल्याहून युनियनचा एक माणूस मोटारीनं आला, सगळ्यांना फाटकाबाहेर जमवून बोलला, आणि मामा त्याला मध्येच थांबवून म्हणाले, ‘थांब गा. मी इंजिन दिवसातून दोनदा थंडं करतो. नाई केलं तं साहेब मले शिव्या देते. मंग या बायांले थंडं कोण करते?’ पहिल्यांदा बाया हसल्या. मग गयाबाई हसायची थांबली. ‘मामा, तुमी सामोर व्हा, आमी तुमच्या मांगं हावो,’ ती म्हणाली. मुलांसाठी एक वेगळी शेड आणि दोन वेळची सुट्टी, एवढीच मागणी. त्या दिवशी सदोतीस बायांनी अर्जावर अंगठे दिले.

पण अंगठे घेतले मामांनी, आणि शाई कशाला पाहिजे म्हणून इंजिनाचं काळं वंगण वापरलं. त्यांच्या लेखी त्याच्याइतकी पक्की वस्तू जगात नव्हती. पक्की होतीच. अकोल्याला पोचेपर्यंत वंगण कागदात मुरलं, पसरलं, आणि सदोतीस अंगठ्यांचा एकच मोठा डाग झाला. अर्ज परत आला. अंगठे नव्यानं, शाईनं घ्या. मामा माझ्या टेबलाशी आले. ‘बाबू, तुही शाईची गादी दे न आठ दिवस. वंगणानं धोका देल्ला.’ मी दिली. आणि ते गेल्यावर उठून साहेबांना सांगितलं.

साहेबांनी आधी नेहमीचे उपाय करून पाहिले होते. आपण सगळे एका घरचे, मध्ये बाहेरचा माणूस कशाला, असं त्यांनी भाषण केलं. बायांना लुगडी वाटली. मुकादमाकरवी कुजबुज पसरवली की मुंबईहून नव्या मशिनी येणार, निम्म्या बाया घरी बसणार. गयाबाईनं लुगडं नेसलं आणि म्हणाली, ‘मशीन आली तं तिलेही लुगडं देजा.’ सगळा जिन हसला. हसणाऱ्या माणसांना भीती घालता येत नाही हे साहेबांना कळत होतं. ‘फिटरला काढून टाकू का?’ त्यांनी मला विचारलं. मला. कधी नव्हे ते माझं मत कुणी विचारत होतं. मी म्हणालो, ‘काढला तर बाया बिथरतील, साहेब. त्यांना चहाला बोलवा. ते नाही म्हणणार नाहीत.’

मग सहा दिवस, बरोबर भाकरीच्या सुट्टीत, म्हणजे अंगठे घ्यायच्याच वेळेला, साहेबांच्या खोलीचं दार उघडं राहू लागलं. आत गादीची खुर्ची, बशीवर कप, आणि खुर्चीच्या टोकावर अवघडून बसलेले मामा. बाया समोरच्या निंबाखाली भाकऱ्या सोडत. त्यांना दिसे सगळं, ऐकू काहीच येत नसे. मी शेजारच्या टेबलाशी होतो, मला ऐकू येई. साहेब युनियनचं अक्षरही काढत नव्हते. ते इंजिनाबद्दल विचारत. ते थंडीत उशिरा का धरतं, धूर काळा का येतो, तेल कोणतं घालावं. मामांना उभ्या जन्मात इंजिनाबद्दल इतकं कुणी विचारलं नव्हतं. ते उजळलेल्या चेहऱ्यानं बाहेर येत.

‘काय म्हणते साहेब?’ गयाबाईनं पहिल्या दिवशी विचारलं.

‘इंजिनाचं बोललो वो.’

चौथ्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं, ‘आजबी इंजिनाचंच?’

‘आज तं लय बोललो. पिस्टनाचंबी बोललो.’

सहाव्या दिवशी ती त्यांच्याकडे गेलीच नाही, माझ्याकडे आली. मागे चार बाया. ‘बाबू, तुमी तिथंच बसता. खरं सांगा, इंजिनाचंच बोलतात का थे?’ एक हो पुरला असता. मी हजेरीच्या वहीत पाहिलं आणि म्हणालो, ‘मोठ्या लोकायचं मले काय माहीत, बाई?’ आणि थोडंसं हसलो. खोटं मी काही बोललो नाही. ते थोडंसं हसणं मात्र पुरेसं होतं. गयाबाई मागे वळून एवढंच म्हणाली, ‘चाला वो. फुटला मामा.’

मामा शाईची गादी घेऊन दोन दिवस निंबाखाली बसले. सदोतीसपैकी एकही अंगठा आला नाही. कागदावर फक्त त्यांची स्वतःची सही होती, मोठ्या वळणदार अक्षरांत. अकोल्याचा माणूस आला आणि संध्याकाळच्या मोटारीनं परत गेला. गादी परत करताना मामा मला म्हणाले, ‘काहून रे बाबू, मी काई चुकलो का? कोणी बोलूनच नाई राह्यलं.’ मी म्हणालो, ‘घाबरल्या असतील.’ त्यांना ते पटलं. बायांनी घाबरणं त्यांना रास्त वाटत होतं. त्या आठवड्यापासून साहेबांचं चहाचं बोलावणं बंद झालं, आणि पुढच्या हंगामात मी कायम झालो.

त्याच हंगामात इंजिन बिघडू लागलं. दिवसातून दोनदा थंड करावं लागायचं ते चार वेळा लागू लागलं. मामा गंभीर चेहऱ्यानं कान लावत, पट्टा उतरवत आणि हात वर करत. पाव पाव तास सगळे रेचे बंद. बाया झोळीकडे जात, मुलांना पाजत. साहेब चिडत, पण मामांचा कान खोटा ठरवील असा माणूस गावात नव्हता. एकदा मी इंजिनघरात गेलो तर मामा थांबलेल्या इंजिनाशेजारी बसून नुसते बोटांवर मिनिटं मोजत होते. मला पाहून म्हणाले, ‘म्हातारं झालं बिचारं. दम लागते त्याले.’ इंजिन दोनच वर्षांपूर्वी नवीन आणलं होतं. मी काही बोललो नाही. त्या जिनात गप्प राहून मी केलेलं चांगलं काम बहुतेक तेवढंच. बाया मात्र त्यांच्याशी बोलल्या नाहीत. ‘मालकाच्या माणसाचं इंजिनबी कामचुकार,’ असं गयाबाई मुलाला पाजताना मोठ्यानं म्हणायची आणि मामा ऐकून इंजिनाची पाठ पुसत राहायचे.

म्हातारपणी ते मुलाकडे मंगरूळपीरला गेले आणि तिथेच वारले. मी गेलो होतो. जिनातलं दुसरं कुणी आलं नव्हतं. जाताना मी गयाबाईच्या घरावरून गेलो, दार उघडं होतं, पण मला हाक मारवली नाही.

आता जिन बंद आहे. गयाबाई आहे. बाजाराच्या दिवशी वांगी, मेथी घेऊन बसते, आणि माझी बायको तिच्याकडूनच भाजी आणते. गयाबाईला वाचता येत नाही, म्हणून इथे लिहिलं म्हणजे सांगितलं असं होत नाही. मामा फुटले नव्हते, ते खरोखर इंजिनाचंच बोलत होते, आणि मला ते त्याच दिवशी ठाऊक होतं, हे तिच्यासमोर बसून मला अजून सांगायचं आहे.