पिठाच्या डब्यातली चावी

घरात त्याला भिंगरी म्हणत. खरं नाव फक्त लायसन्सवर उरलं होतं. लांब पल्ल्याचा ट्रक चालवणारा माणूस, पायाला भिंगरी असणारच. पण याची भिंगरी गाडीतून उतरल्यावरही थांबत नसे. धाकट्या बहिणीच्या लग्नाला रजा काढून आला, बॅग दारातच ठेवली, अर्धा पेला पाणी प्यायला आणि विचारलं, "काही आणायचंय का?"

लग्नघरात हा प्रश्न विचारणं म्हणजे आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं. मामा टपूनच बसला होता. त्याने कुठून तरी एक म्हातारी व्हॅन मागून आणली होती. तिची चावी भाच्याच्या हातावर ठेवत म्हणाला, "घरचा ड्रायव्हर असताना भाडोत्री कशाला?" भिंगरीने ती चावी वडिलांच्या चाव्यांच्या जुन्या चामडी पट्ट्याला अडकवली आणि निघाला. खुर्च्या आणल्या, सतरंज्या आणल्या, मामीच्या बहिणीला आणलं, ती विसरलेली औषधं आणायला परत गेला.

आईने तो पट्टा पाहिला आणि हातातलं काम थांबवलं. वडीलही ड्रायव्हरच. फेरीवर निघायच्या दिवशी आई त्यांची चावी पिठाच्या डब्यात लपवायची. वडील माळा शोधत, गाद्या उलटत, चपलांच्या खाली बघत, आणि तेवढा वेळ घरी राहत. लहानपणी एकदा भिंगरी मोठ्या ऐटीत ओरडला होता, "बाबा, पिठाच्या डब्यात बघा ना!" वडिलांनी त्याला बाजूला ओढून दम भरला. "गप बस. तिथे सगळ्यात शेवटी बघायचं असतं."

संध्याकाळी धाकटीने त्याला व्हॅनच्या दारातच गाठलं.

"दादा, मला आहेर नको, काही नको. सह्या होताना समोर उभा राहा, बस."

"म्हणजे काय! राहणारच."

"ताईलाही असंच म्हणाला होतास."

थोरलीच्या लग्नात ऐन वेळी तो बर्फ आणायला गेला होता. परत आला तेव्हा पाहुणे हात धूत होते. अल्बममध्ये लांबलांबचे चुलतेसुद्धा दात काढून उभे आहेत, सख्खा भाऊ एकाही फोटोत नाही. थोरलीने बोलून दाखवलं नाही, पण तिच्याकडे गेल्यावर ती अल्बम कधी बाहेर काढत नाही. भिंगरीला ते सलत होतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी तो जुन्या मित्राच्या सलूनमध्ये दाढीला गेला. खुर्चीत बसल्याबसल्या त्याचा उजवा पाय खुर्चीच्या पाय ठेवायच्या पट्टीवर ब्रेक दाबू लागला.

"अरे, गाडी उभीच आहे," मित्र म्हणाला. "हललास तर कान जाईल."

"हॉलवर पोचायचंय रे. मामा सारखा पिटाळतो. एक मिनिट बूड टेकू देत नाही."

मित्राने वस्तरा पुसला. "मामाच्या नावाने खडे फोडू नकोस. तुला सांगावं लागतं कुठे? चार माणसांत बसायचं म्हटलं की हातांचं काय करायचं ते तुला कळत नाही."

भिंगरी चिडला, कारण ते अगदी खरं होतं. अर्धी मिशी नीट करायची राहिली, तसाच उठला.

हॉलवर त्याने नको तिथल्या खुर्च्या हलवल्या, चालू पंखे बंद करून पुन्हा लावले. घामाघूम झाल्यावर कोट काढून धाकटीच्या खोलीतल्या खुर्चीवर टाकला. पाहुणे बसले, नवरा-नवरी टेबलाशी आले, तसा तो कोट चढवून पुढच्या रांगेत उभा राहिला. हात खिशात घातले, काढले, मागे बांधले. लग्न नोंदवायला आलेल्या अधिकारीबाईंनी पेनाचं टोपण उघडलं आणि तेवढ्यात मामा घाईघाईने आला.

"घोळ झाला रे! नवऱ्या मुलाची आत्या स्टेशनवर ताटकळतेय. तू जा पटकन, गेलास की आलास."

खोटं कशाला सांगा, भिंगरीला आधी सुटल्यासारखंच वाटलं. पाय दाराकडे वळलेसुद्धा. मग त्याने खिशात हात घातला. चावी नव्हती. दुसऱ्या खिशात नव्हती, पँटच्या नव्हती. वाकून खुर्च्यांखाली पाहिलं, एका आजोबांना पाय उचलायला लावले. ताठ होताना त्याची नजर टेबलाकडे गेली.

धाकटी त्याच्याकडेच बघत होती. उजव्या हातात पेन होतं. डाव्या हाताची मूठ घट्ट आवळलेली, आणि बोटांमधून चामड्याच्या पट्ट्याचं टोक लोंबत होतं.

तो चार पावलं चालून टेबलाशी गेला असता तर चावी मिळाली असती. मामा मागून कुजबुजत होता, "सापडली का?" सगळ्या हॉलचे डोळे आपल्यावर आहेत असं भिंगरीला वाटत होतं. पळून जावं, व्हॅन नाही तर पायी जावं, इतका त्याचा जीव कासावीस झाला. धाकटीने अजून पेन टेकवलं नव्हतं.

"नाही ना सापडत," तो मोठ्याने म्हणाला.

"अरे, नीट बघ! कोटात बघितलंस?"

"बघतो."

आणि मघाशी दोनदा उलटापालटा केलेल्या त्याच खिशात त्याने सावकाश हात घातला आणि तो तिथेच राहू दिला. मामा कपाळावर हात मारून टॅक्सीला फोन करायला बाहेर गेला. दुसऱ्या रांगेत आईने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती, ते तिचं तिलाच ठाऊक.

धाकटीने सही केली. भिंगरीचा उजवा पाय फरशीवर ब्रेक दाबून होता, आणि तो समोर उभा होता.