सगुणाबाईंचे उपास

नागावच्या सगुणाबाईंबद्दल लिहायचं म्हणजे मला माझी स्वतःचीच एक लाजिरवाणी गोष्ट सांगावी लागते. म्हणून इतकी वर्षं टाळलं. आता वयही झालं आणि लाजही बरीच कमी झाली, तेव्हा सांगून टाकतो.

मी हिरामण. अलिबागला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. औषधाच्या खिडकीत बसायचं, बाटलीवर डोसाची कातरलेली पट्टी चिकटवायची आणि पेशंटच्या शंभर प्रश्नांना उत्तरं द्यायची, हे माझं काम. डॉक्टर फार कमी बोलत. ते एक वाक्य बोलायचे, त्याचा अर्थ खिडकीत मी सांगायचो. माझी जीभ मुळातच तिखट, त्यात समोर गर्दी झाली की विचारूच नका.

सगुणाबाई पहिल्यांदा आल्या त्रेपन्न साली, गणपती गेल्यावर. आल्या त्या मुंग्यांचं औषध मागायला! "हिरामणभाऊ, मोरीत मुंग्यांची रांग लागते. फवारा मारला, राख टाकली, हटत न्हाईत. कायतरी पावडर द्या." मी विचारलं, मोरीत लघवीला जाता का? तहान लागते का? तर म्हणाल्या, "तहान? कळशी तोंडाला लावते मी." मी त्यांना तसंच आत डॉक्टरांकडे नेलं.

पन्नाशीच्या बाई. धिप्पाड. नवरा जाऊन अठरा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. नारळ-पोफळीची वाडी होती, ती एकट्या सांभाळायच्या. रहाटावर रेडा हाकायला रघू म्हणून एक म्हातारा गडी होता, पण पाणी फिरवायच्या त्या स्वतः. लुगड्याचा काचा मारून, हातात फावडं घेऊन, अनवाणी पाटापाटानं हिंडायच्या. इथला पाट मोडला, तिथला बांधला, असं सकाळभर. पोफळीचं काम रघूवरही सोडायच्या नाहीत. आवाज असा की वाडीत बोलल्या की रस्त्यावर ऐकू यायचं. एकदा कुणा व्यापाऱ्यानं त्यांच्या सुपारीला किडकी म्हटलं, तर त्याला पन्नास सुपाऱ्या समोर बसून फोडायला लावल्या होत्या. एकही किडकी निघाली नाही, मग त्याला चहा पाजून पाठवलं.

त्या काळी साखर तपासायची रीत अशी होती. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळंच राहिलं तर ठीक. हिरवं झालं तर थोडी साखर, पिवळं झालं तर जास्त, आणि विटकरी झालं की संपलंच. सगुणाबाईंची नळी कौलासारखी लाल झाली.

डॉक्टर म्हणाले, "मधुमेह आहे. गूळ-साखर बंद, भात निम्मा." झालं त्यांचं. बाई खिडकीशी येऊन मला विचारायला लागल्या, "निम्मा म्हंजे किती? माजी पितळी एवढी हाय. आनि संध्याकाळच्या भाकरीचं काय?" त्यांच्या मागे वीस माणसं उभी, एकाला उलट्या चाललेल्या, एक पोर भोकाड पसरून रडतंय. मी वैतागलो. म्हटलं, "अहो बाई, मोजमाप कसलं करत बसता? उपास करा उपास! पोटात काही गेलंच नाही तर साखर येईल कुठून?"

रांगेतली माणसं हसली. मला माझंच वाक्य फार आवडलं. बाई मात्र हसल्या नाहीत. मान हलवून गेल्या.

पुढे दर मंगळवारी त्या सकाळची लघवी खोबरेलाच्या धुतलेल्या बाटलीतून घेऊन यायच्या. दर मंगळवारी लाल. एक महिना गेला, दोन गेले, नळी काही हिरवी होईना. चहा बिनसाखरेचा घेते म्हणाल्या, गुळाला शिवले नाही म्हणाल्या, भात निम्मा केला म्हणाल्या. मला वाटलं, बाई खोटं बोलते आहे, लपूनछपून लाडू हाणत असणार. मधुमेहाच्या पेशंटांचा तो अनुभव मला होताच. शेवटी एका मंगळवारी भर गर्दीत म्हणालो, "सगुणाबाई, खोटं बोलणाऱ्याला जगातलं कुठलंच औषध लागू पडत नाही."

व्यापाऱ्याला पन्नास सुपाऱ्या फोडायला लावणारी बाई ती. पण काही बोलली नाही. डोळ्यांत पाणी आलं, ते पदरानं पुसलं आणि बाटली घेऊन निघून गेली. मला तेव्हाच कळायला हवं होतं. नाही कळलं.

त्याच सुमाराला त्यांच्या उजव्या पायात करवंटीचा तुकडा घुसला. त्यांना ते कळलंसुद्धा नाही. सारवलेल्या पडवीत रक्ताची पावलं दिसली तेव्हा त्या रघूवर ओरडल्या, की कुणाला लागलं रे? मग बघतात तर पाय स्वतःचाच. दुखत नव्हतं, म्हणून हळद दाबली आणि परत पाण्यात उतरल्या. पंधरा दिवसांनी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं पडायला लागलं.

डॉक्टरांनी पाय बघितला आणि त्या दिवशी एकाऐवजी तीन वाक्यं बोलले. साखर उतरली नाही तर जखम भरणार नाही. जखम भरली नाही तर पाय कापावा लागेल. दोन आठवडे वाट बघू.

बाई खिडकीशी आल्या आणि कट्टा धरून उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "पाय गेला तर पाट कोन वळवील? भिकू मला मुंबईला न्हेईल." भिकू म्हणजे त्यांचा पुतण्या, मिलमध्ये होता, चाळीत तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत सहा माणसं. "तिथं मी काय करू? खिडकीत बसून ट्रामी मोजू? त्यापरीस मेलेली बरी."

मला दया आली, खोटं कशाला सांगू, पण त्याहून जास्त रागच आला. म्हटलं, एवढं पायावर आलं तरी या बाईची जीभ आवरत नाही! मी ठरवलं, रंगेहाथ पकडायचं. पुढच्या गुरुवारी नळी, निळं औषध आणि दिवा पिशवीत घातला, सायकल काढली आणि भर दुपारी जेवणाच्या वेळेला नागाव गाठलं. हाक न मारता थेट माजघरात शिरलो.

बाई ताटावर बसल्या होत्या. ताटात वरीचा भात, वर दाण्याची आमटी. उकडलेली चार रताळी. बटाट्याची भाजी. पलीकडे दोन केळी.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"उपास हाय. मार्गशीर्षातला गुरुवार."

"उपास?"

"तुमीच बोललाव ना, उपास करा. मंग धरले. सोमवार, गुरुवार, शनिवार. दोनी एकादश्या, दोनी चतुर्थ्या. प्रदोष बी धरते." आणि मग दम लागल्यासारख्या म्हणाल्या, "येवढे उपास मी नवरा आजारी होता तवा बी केले न्हाईत, हिरामणभाऊ. तरी माजीच साखर का उतरत न्हाय?"

मी पिशवी खाली ठेवून तिथंच बसलो. तासा-दीड तासानं त्यांची लघवी मागून घेतली आणि तिथंच चुलीजवळ बसून नळी उकळली. निळ्याचं हिरवं, पिवळं काही मधे झालंच नाही. थेट लाल.

तुम्ही म्हणाल, कंपाउंडर असून एवढं कळत नव्हतं? नव्हतं. आमच्या घरीसुद्धा एकादशीला हेच शिजायचं. उपास म्हणजे पोट रिकामं असं सगळे म्हणतात आणि ताट भरून खातात, मी पण त्यातलाच. रताळं गोड लागतं हे लहान पोराला ठाऊक असतं. वरी, साबुदाणा, बटाटा हे सगळं पोटात जाऊन साखरच होतं, हे मला त्या चुलीपुढे समजलं. वर उपासाला मासळी नाही, वालाचं बिरडं नाही, माठाची भाजी नाही. म्हणजे जे खायला हवं होतं ते मी त्या बाईचं बंद केलं होतं, आणि जे नको ते आठवड्यातून चार दिवस खायला लावलं होतं.

टांगा करून त्यांना तसंच अलिबागला आणलं. डॉक्टरांनी पट्टी सोडून पाय पाहिला. बोटं काळीठिक्कर. मी अडखळत उपासाचं सांगितलं, तशी ते भडकले. "हे उपास करायला सांगितलं कुणी तुम्हाला?"

मी तिथंच बँडेजचा डबा धरून उभा होतो. बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं.

"कोनी न्हाय," त्या म्हणाल्या. "माज्या मनानंच केले."

आणि मी मूग गिळून गप्प राहिलो. अख्ख्या आयुष्यात मी एवढा लहान झालो नाही.

दुसऱ्या दिवशी रेवसहून लाँचनं त्यांना मुंबईला नेलं. मोठ्या इस्पितळात दोन बोटं काढली. तिथल्या सर्जननं सांगितलं, महिना-दीड महिन्यात जखम भरली तर ठीक, नाहीतर गुडघ्याखालून. भिकू ठेवून घ्यायला तयार होता, पण बाई कुबडी घेऊन नागावला परत आल्या. बरोबर इन्शुलिनची बाटली.

सुई टोचायला मी जायला लागलो. रोज सकाळी दवाखाना उघडायच्या आत, येऊन-जाऊन दहा मैल. डॉक्टरांना वाटलं, मला बाईंची दया आली. बाटली ओल्या वाळूत पुरलेल्या मडक्यात ठेवायचो. आणि या वेळेला मोजमाप केलं. एक पितळेची वाटी ठरवली. एका दिवशी एक जिन्नस; जेवल्यावर दोन तासांनी त्यांनी लघवी बाटलीत धरून ठेवायची, ती मी दुसऱ्या सकाळी नळीत उकळायचो. वाटीभर भात आणि बोंबलाचं कालवण, हिरवट. भात आणि भाकरी दोन्ही, लाल. नुसती एक तांदळाची भाकरी, वर वालाचं बिरडं, पुन्हा हिरवट. करंदी म्हणजे बारीक कोळंबी, माठ, पडवळ, ताक, यांनी नळीला काही होत नव्हतं. एक दिवस सगळं वाटीनं खाऊनही लाल आली, तशी मी डोकं धरून बसलो. शेवटी विचारलं, काल सकाळी काही घेतलंत का? "काय न्हाय. पेजच तेवडी प्याले." किती? तर तांब्याभर! "पेज काय जेवान हाय? पानीच ते!" त्यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं. दुसऱ्या दिवशी नुसत्या पेजेची नळी उकळून दाखवली तेव्हा बाईंनी पेजेला, तांदळाला, मला, तिघांनाही शिव्या घातल्या.

इन्शुलिन घेतल्यावर जेवण चुकवून चालत नाही. एकदा रेडा सुटला म्हणून बाई कुबडीवर त्याच्यामागे गेल्या आणि जेवायच्या राहिल्या. मी सहज दुपारचा डोकावलो म्हणून बरं. घामानं निथळत होत्या, हात थरथरत होते, बोलणं बरळल्यासारखं. मी साखरेचं पाणी पाजलं. भानावर आल्यावर पहिलं काय म्हणाल्या असतील? "मेल्या, आता साखरच पाजतोस व्हय!"

नळी लालची पिवळी झाली, पिवळ्याची हिरवी. जखमेत तांबडं मांस दिसायला लागलं. मी रोज पट्टी सोडताना देवाचं नाव घ्यायचो, आणि मी काही देवभोळा नव्हे. बेचाळिसाव्या दिवशी डॉक्टरांनी पाय हातात घेऊन सगळीकडून दाबून बघितला आणि म्हणाले, "राहिला पाय."

बाई रडल्या. मी आत जाऊन रडलो.

मग त्यांना टांग्यापर्यंत सोडायला गेलो तेव्हा माझ्यानं राहवेना. म्हटलं, "सगुणाबाई, उपास मी सांगितले होते."

"मला काय ठावं न्हाय?"

"मग डॉक्टरांना माझं नाव का नाही सांगितलंत?"

"सांगून काय झालं असतं? तुमची नोकरी जाती. मंग रोज सकाळी सायकल हानत सुई टोचायला कोन आला असता, डॉक्टर?" त्यांनी टांग्याची दांडी धरली, आधी बरा पाय ठेवला, मग दुसरा. नीट बसल्या. मला वाटलं, सुटलो. तर त्या म्हणाल्या, "उपासाचं माज्या मनात काय न्हाय, हिरामणभाऊ. तुमाला बी ठावं नव्हतं. दोन बोटं गेली ती गेली. पन चार लोकांत मला खोटारडी म्हनालाव. ते न्हाय जात."

टांगा गेला. मी रस्त्यातच उभा राहिलो.

पुढच्या मंगळवारी खिडकीसमोर नेहमीसारखी गर्दी होती. बाई बाटली घेऊन रांगेत होत्या, कुबडी नव्हती. त्यांचा नंबर आला तसा मी खुर्चीवरून उठलो आणि मला जमेल तेवढ्या मोठ्यानं बोललो. "मंडळी, या बाईंना मी इथं खोटं बोलणारी म्हटलं होतं. त्या एक अक्षर खोटं बोललेल्या नाहीत. उपास करायला त्यांना मी सांगितलं होतं, आणि त्यांची दोन बोटं गेली ती माझ्यामुळे."

कुणी हसलं नाही. आतलं दार उघडलं आणि डॉक्टर बाहेर आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, मग खाली त्यांच्या पायाकडे पाहिलं. मी नोकरी गेली असंच धरून चाललो होतो.

बाईंनी बाटली खिडकीतून आत सरकवली. "तपासा लवकर," त्या म्हणाल्या, "पानी सोडायचंय मला."