मैनेचा गळा

सिंदी मेघेतल्या वर्षालीताई गुराढोरांच्या डॉक्टर. दिवसभर गाईबकऱ्या बघायच्या, पण जीव अडकला होता घोड्यांच्या गळ्यात. काही घोड्यांच्या घशातली डावीकडची नस मरते. मग तिथली कूर्चा श्वासाच्या वाटेवर लोंबते, घोडा जोरात हलला की करवतीसारखा आवाज येतो आणि दम कोंडतो. ती कूर्चा जाड दोऱ्यानं मागे ओढून बांधतात. पण वडीत सुरी उतरावी तसा दोरा हळूहळू कूर्चेत उतरतो, आणि घोडा पुन्हा तसाच घोरायला लागतो.

ताण एका जागी येऊ नये म्हणून ताईंनी दोऱ्याखाली बसेल असं टायटेनियमचं बटण आखलं. माणसांच्या जबड्याच्या पट्ट्या बनवणाऱ्या नागपूरच्या एका कारखान्यातून ते घडवून घेतलं. पहिलं जाड झालं, दुसऱ्याच्या कडा बोचायच्या. तिसरं मेलेल्या घोड्यांच्या गळ्यांत बसवून, यंत्रानं ओढून ओढून पाहिलं. ते जागचं हललं नाही.

त्याच सुमारास नालवाडीचा अंकुश आपली घोडी घेऊन आला. मैना वरातीत नाचायची. केळझरच्या एका लग्नात नाचता नाचता ती गुडघ्यांवर बसली, आणि नवरदेवाला तिथेच उतरावं लागलं. ताईंनी नाकातून दुर्बीण घालून पाहिलं. नस मेलेली होती. त्यांनी अंकुशला काही लपवलं नाही. हे बटण जिवंत घोड्यात अजून कुणी बसवलेलं नाही, हेही सांगितलं.

"मंग मैनेत बसवा," अंकुश म्हणाला. "तसाबी तिचा जीव घुसमटूनच राह्यला."

ऑपरेशन नीट झालं. मैना अंगणात गोल गोल धावली तरी श्वासाचा आवाज नव्हता. अंकुशनं पेढे आणले. आणखी सुधारून चौथं बटण करायचा विचारही ताईंनी सोडून दिला.

दिवाळीनंतर करवत पुन्हा ऐकू आली. दुर्बिणीत बटण तसंच होतं, दोराही शाबूत होता. खालची कूर्चाच भुगा होऊन सुटली होती. मैनेचं वय झालेलं, कूर्चा आधीच ठिसूळ. यंत्रावर ओढलेल्या गळ्यांतल्या कूर्चा सगळ्या तरण्या घोड्यांच्या होत्या, हे ताईंना तेव्हा उमगलं. मैनेसारख्या ज्या वयस्क घोड्यांना बटणाची खरी गरज, त्यांच्यात ते टिकायला जागाच नव्हती.

बटण काढावं लागलं. मैनेला श्वास मिळावा म्हणून गळ्याला खालून भोक पाडलं. ती जगली. ताई जखम पाहायला गेल्या तेव्हा अंकुश खरारा करत होता. त्यानं वर न पाहताच सांगितलं, "मी आलो का पह्यले खिंकाळे. आता तोंड उघडते, अन् नुसती हवा निंगते भोकातून."

ताईंनी जखम धुतली, मलम दिलं आणि त्या निघाल्या.

उन्हाळ्यात त्या भोकातून धूळ गेली, फुप्फुसं भरली आणि मैना मेली. ताई पोचल्या तेव्हा शेताच्या बांधाशी खड्डा खणून झाला होता. कूर्चा कुठून आणि कशी सुटली हे कळायचं तर तो गळा कापून पाहायला हवा होता. गाडीत हत्यारांची पेटी तयार होती. गळा कापून बघू का, असं त्यांनी शेवटी विचारलं.

अंकुश चिडला नाही. त्यानं घोडीच्या मानेवर हात ठेवला.

"ताई, आता तरी तिचा गळा सोडा."

त्यांनी पेटी उघडलीच नाही. माती लोटून होईस्तोवर त्या तिथेच उभ्या राहिल्या.

पुढं कुणी घोरणारा घोडा आणला तर ताई त्याला दुर्बीणही लावत नाहीत. नाचवू नका, पळवू नका, सावलीत बांधा, एवढंच सांगतात. मालक विचारतो, इलाज नाही का. नाही, असं म्हणून त्या पुढची बकरी आत घ्यायला सांगतात.